सोळा अक्षरांची जागा

आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या परीक्षा आणि कांद्याची लागवड एकाच सुमाराला येतात. सकाळी कॉलेजला निघालं की स्कूटरच्या मुठीवर बोटं बधिर होतात. लागवडीला चाललेल्या बाया डोक्याला रुमाल गच्च आवळून टेम्पोत दाटीवाटीनं उभ्या असतात. पुढं उसाची ट्रॉली रस्ता अडवून चाललेली असते आणि तिच्यातून लोंबणारे वाढे डांबरावर सरसर घासत जातात. केडगावच्या पुलाशी सगळंच तुंबतं. तिथं थांबलं की ओल्या वाफ्यांचा आणि नुकत्या उपटलेल्या रोपांचा उग्र वास नाकात शिरतो, आणि मला प्रवरेचा काठ आठवतो. दरवर्षी आठवतो. रस्ता बदलून पाहिला, पण वास काही एका रस्त्याचा नसतो.

लॅबमध्ये पोरं हात चोळत बसलेली असतात. मी त्यांना सी भाषा शिकवते. परीक्षेत एक प्रश्न हमखास असतो: दिलेलं नाव एका जागेतून दुसऱ्या जागेत उतरवा, दुसरी जागा लहान आहे हे ध्यानात ठेवा. दिसायला सोपा प्रश्न आहे. सी भाषेत शब्दाला आपली लांबी माहीत नसते. अक्षरं ओळीनं ठेवलेली असतात आणि शब्द संपला हे कळावं म्हणून शेवटी एक शून्य ठेवायचं असतं. वाचणारं यंत्र ते शून्य दिसेपर्यंत वाचत जातं. शून्य नसलं तर शेजारच्या जागेत जे काही पडलेलं असेल तेही त्याच शब्दाचा भाग समजून वाचतं. त्याला शंका येत नाही.

उतरवून घेण्याची एक आज्ञा अशी की ती मोजतच नाही. येईल तेवढं ओतते आणि शेजारचं सगळं बुडवते. दुसरी मोजून घेते: इतकीच अक्षरं, पुढचं नको. पुस्तकं पहिलीला धोक्याची म्हणतात आणि दुसरीला सुरक्षित. पण ही सुरक्षित आज्ञा जागा काठोकाठ भरली तर शेवटचं शून्य ठेवत नाही, आणि मागं काही राहिलं असेल तर तसं सांगतही नाही. हुशार पोरं नेमकी हीच आज्ञा लिहितात.

इरफाननंही हीच लिहिली होती.

काही वर्षांपूर्वी मी आणि इरफान केडगावात एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचो. मालक काळे सर. आम्ही तिघं आणि जोडणी करणाऱ्या दोन मुली, एवढीच कंपनी. शेतातली मोटार घरबसल्या मोबाईलवरून चालू-बंद करायचा डबा आम्ही बनवत होतो. डब्यात सिमकार्ड. शेतकऱ्यानं त्याला मेसेज पाठवायचा; स्टार्ट म्हटलं की मोटार चालू, स्टॉप म्हटलं की बंद. डब्यातल्या सर्किटची आखणी माझी आणि प्रोग्रॅम इरफानचा.

इरफान नेवासा तालुक्यातला, प्रवरेकाठचा. घरी मोठा भाऊ सलीम शेती बघायचा. बाप लवकर गेला तेव्हा सलीमभाईंनी स्वतःची शाळा सोडून याला शिकवलं होतं, पण हे मला इरफाननं कधी सांगितलं नाही, सलीमभाईंच्या बायकोकडून, भाभींकडून कळलं. इरफान मला ताई म्हणायचा. दुपारच्या डब्यात भाभींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी असली की आधी माझ्यापुढं सरकवायचा. कामात फार जपून. त्याच्या हातून तार उलटी लागायची नाही आणि त्याच्या प्रोग्रॅममध्ये ओळ वाया जायची नाही.

एकदा मी त्याला म्हटलं, "आपण शेतकऱ्यांना ठरावीक शब्दच पाठवायला सांगू. स्टार्ट आणि स्टॉप, बास."

"न्हाई ताई," तो म्हणाला. घरची बोली त्याच्या तोंडात सारखी डोकावायची. "माणूस माणसासारखं लिहिणार. कुणी 'दादा स्टॉप कर' म्हणंल, कुणी अजून काही. आपण त्यातून शब्द शोधून काढायचा. मशिनीनं माणसाचं ऐकायचं, माणसानं मशिनीचं का?"

मला ते फार आवडलं होतं. अजूनही आवडतं, आणि त्यामुळंच त्रास होतो.

पहिला डबा त्यानं आपल्याच घरी बसवला. सलीमभाईंचा मोबाईल त्यात नोंदवला आणि घरातला दुसरा मोबाईल नोंदवला तो आफरीनसाठी. आफरीन म्हणजे सलीमभाईंची मुलगी, तेव्हा नववीत. चाचानं केलेली वस्तू म्हणून तिला त्या डब्याचं भारी अप्रूप. शाळेतून आली की आधी त्याला मेसेज. "पानी पुरे स्टॉप." "थँक यू स्टॉप." इंग्रजी अक्षरांत, सगळी मोठी, कारण डब्याला तशीच कळायची. डबा ऐकायचा. मोटार बंद व्हायची. ती टाळ्या वाजवायची, असं इरफान हसत हसत सांगायचा.

पुढच्या हंगामात असे डबे चाळीसेक ठिकाणी गेले. नेवासा, राहुरी, घोडेगावच्या आसपास. कुणाची तक्रार नव्हती.

त्या हिवाळ्यात नदीत जलपर्णी फार होती. पाणी दिसायचं नाही, नुसतं हिरवं रान. ती मोटारीच्या जाळीला गुंडाळायची आणि पाणी कमी यायचं. कांद्याची लागवड ऐन भरात, वाफ्यांना पाणी हवंच. एका सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, सलीमभाई जाळी साफ करायला नदीत उतरले. केबलच्या जोडावरची टेप सुटली होती. ते कमरेएवढ्या पाण्यात असताना मोटार चालू झाली आणि करंट पाण्यात उतरला.

इरफानला शेडमध्येच फोन आला. तो हातातलं तारा सांधायचं गरम यंत्र तसंच टेबलावर ठेवून बाहेर गेला. लाकूड जळायचा वास आला तेव्हा मी मान वर केली.

तिसऱ्या दिवशी जियारतीला, मयताच्या फातिहाला, मी आणि काळे सर गेलो. शिंगणापूरकडं निघालेल्या गाड्यांनी रस्ता भरलेला होता, तेलाच्या आणि फुलांच्या दुकानांतून पोरं हात दाखवून बोलावत होती. त्यांचं ते रोजचंच ओरडणं मला त्या दिवशी सहन होईना. इरफानच्या वस्तीवर पोचलो तर अंगणात सतरंज्या, पुरुष खाली माना घालून बसलेले. सर तिकडं गेले, मी आत गेले.

नसीम भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे. मी जवळ बसल्यावर म्हणाल्या, "फ्यूज काढायला काय झालं हुतं? लाईट गेली म्हनून तसेच उतरले असतील. बंद करायचं ध्यान न्हाई ऱ्हायलं. लाईट आली, मोटार चालू झाली." मग थोड्या वेळानं, आवाज न चढवता, "लेकराबाळांचा तरी इचार करायचा व्हता मानसानं."

तालुक्याच्या डॉक्टरांपासून वायरमनपर्यंत सगळ्यांनी हेच धरलं होतं. वीज गेली, माणूस उतरला, वीज आली. दर हंगामात कुठं ना कुठं असं होतं. त्यात कुणाला काही विचारायचं राहत नाही.

मी पाणी प्यायला मागं गेले. मागच्या बाजूला हौद होता. नदीवरची पाइपलाइन त्यात येऊन पडायची. हौदाच्या कठड्याला धरून आफरीन उभी होती. ओढणी दोन्ही हातांनी पिळत होती.

"दीदी," ती म्हणाली, "लाईट गेली नव्हती."

मी हातातला पेला कठड्यावर ठेवला.

"अब्बूंनी फोन केला हुता मला. मोटार बंद केलीय, पान्यात उतरतोय, ध्यान ठेव म्हनले. हौदातलं पानी बंद झालेलं मी बघितलं. मंग मी मेसेज टाकला. बंद असली तरी टाकला, आपला असू दे म्हनून. 'अब्बू पाण्यात आहेत स्टॉप.' आन् लगेच हौदात पानी पडाया लागलं."

"लगेच?"

"मला वाटलं अब्बूंचं काम झालं, त्यांनीच चालू केली. मी कळशी भरून घेतली." ती थांबली. "दीदी, मी स्टॉपच लिव्हलं हुतं. माझ्यामुळं झाली का चालू?"

"नाही गं," मी म्हणाले. "असं कसं होईल? वीजच गेली असेल." माणूस अशा वेळी जे बोलतो ते बोलले. तिनं मान हलवली, पण ओढणी पिळणं थांबवलं नाही. तिनं हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या बापाला सगळे बेफिकीर म्हणत होते आणि ते खोटं आहे हे एकट्या तिला माहीत होतं. पण ते सांगायचं तर आपला मेसेजही सांगावा लागणार, म्हणून ती गप्प होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये मी एकटीच होते. टेबलावर चाचणीचा डबा होता, त्याला मोटारीच्या जागी साधा दिवा जोडलेला. सलीमभाईंनी केलं होतं त्याच क्रमानं मी सगळं केलं. आधी स्टार्ट पाठवलं, दिवा लागला. स्टॉप पाठवलं, विझला. मग आफरीनचा मेसेज तिनं लिहिला असेल तसाच इंग्रजी अक्षरांत लिहिला आणि पाठवला.

खट्ट आवाज झाला. दिवा लागला.

मी तो विझवला, पुन्हा पाठवला. पुन्हा लागला. बाहेर पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

मग प्रोग्रॅम उघडला. आलेला मेसेज उतरवून घ्यायला इरफाननं सोळा अक्षरांची जागा ठेवली होती आणि मोजून घेणारी, सुरक्षित म्हणवणारी आज्ञा वापरली होती. छोटे मेसेज आले की उरलेली जागा शून्यांनी भरायची, सगळं ठीक चालायचं. आमच्या चाचण्या सगळ्या छोट्याच मेसेजांच्या होत्या. 'अब्बू पाण्यात आहेत' हे इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मधल्या मोकळ्या जागा धरून बरोबर सोळा अक्षरं होतात. त्यामुळं जागा काठोकाठ भरली, स्टॉप बाहेर राहिलं आणि शेवटचं शून्य पडलं नाही. लगतच्या जागेत डब्यानं सकाळचा हुकूम जपून ठेवलेला असायचा, मध्येच वीज गेली आणि परत आली तर काय करायचं ते कळावं म्हणून. तो हुकूम होता स्टार्ट; मधे स्टॉप आला की डबा नुसती बंदची वेगळी खूण करायचा, आधीचा शब्द पुसायचा नाही. यंत्र वाचत वाचत तिथवर गेलं. अब्बू पाण्यात आहेत, स्टार्ट.

इरफान दुसऱ्याच दिवशी कामावर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मी मनात पुष्कळ जुळवाजुळव केली होती. पण अजून चाळीस विहिरी आणि नदीकाठ तेच डबे घेऊन बसले होते, आणि थांबायला जागा नव्हती. मी त्याला टेबलापाशी नेलं, माझा मोबाईल त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "हा मेसेज तू पाठव."

त्यानं वाचला. "हे कुणी लिहिलं?"

"आफरीननं. त्या दिवशी."

त्यानं पाठवला. दिवा लागला. तो बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायला लागला, ओठ हलवत, लहान मुलासारखा. सोळाला थांबला.

"ताई," तो म्हणाला, "मी तर सेफवाली वापरली हुती."

तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटत राहिलं.

काळे सर आले तेव्हा आम्ही त्यांना दाखवलं. ते खुर्चीत बसले आणि चष्मा पुसायला लागले. "हळूहळू बदलून टाकू," ते म्हणाले. "सर्व्हिसिंगला म्हणून एकेक डबा मागवू. बोभाटा कशाला? गेलेला माणूस परत येणार आहे का?"

"उद्या दुसरा कोणी उतरंल," इरफान म्हणाला.

"अरे, पण कंपनी बसेल."

"बसू द्या."

सर उठून निघून गेले. आम्ही दोघं फोन लावत बसलो. दादा, डबा काढून ठेवा. काका, मेन स्विच पाडा, तसंच पाण्यात उतरू नका. पलीकडून हसण्याचे आवाज यायचे. "अहो, लई झ्याक चाललाय की! काढू कशाला?" एक जण तर म्हणाला, पैसे परत मागणार नाही, पण डबा देणार नाही. इरफाननं त्याला सांगितलं, "माझा भाऊ गेला ह्याच्यानं." तेव्हा तो माणूस 'घेऊन जा' म्हणाला. त्यानंतर इरफान प्रत्येक फोनवर हेच वाक्य आधी बोलायला लागला. फोनामागून फोन ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकणं, त्यापेक्षा मला दुसरं काहीही चाललं असतं.

दुसऱ्या सकाळी सर जीप घेऊन दारात आले. मागचं दार उघडून दिलं. आम्ही गावोगाव फिरून डबे काढून आणले. बांधावरून चालताना पायांना दंव लागायचं, बाया वाकून रोपं खोचत असायच्या, मान वर करून बघायच्या. शेड पुढच्या उन्हाळ्यात बंद झाली.

वस्तीवर जायचं मात्र राहिलं होतं. इरफानचं म्हणणं, भाभींना सांगायचं. भाईंनी मोटार बंद केली होती, ते बेफिकीर नव्हते, हे त्यांना कळलंच पाहिजे. "पन आफरीनला कळता कामा न्हाई," तो म्हणाला. "पोरगी मरंल."

"तिला माहीत आहे," मी म्हणाले. "तिनंच मला सांगितलं. ती एकटीच ते घेऊन बसलीय."

इरफाननं पायात चपला सरकवल्या.

आम्ही गेलो तेव्हा भाभी ज्वारी निवडत होत्या. इरफाननं खाली बसून सगळं सांगितलं, खालच्या आवाजात, एकही गोष्ट न गाळता. आफरीन उंबऱ्यात उभी होती. सांगून झाल्यावर भाभींचे हात सुपात तसेच राहिले.

"म्हंजे त्यांनी बंद केली हुती," त्या म्हणाल्या.

"व्हय भाभी."

"बंद करूनच उतरले हुते." एवढंच त्या दोन-तीनदा म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवून आत गेल्या आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडल्या.

आफरीन जागची हलली नव्हती. तिनं चाचाला विचारलं, "नुसतं स्टॉप लिव्हलं असतं तर?"

मी पटकन काहीतरी बोलणार होते, पण इरफान आधी बोलला. "तर बंदच राहिली असती."

"आन् काहीच टाकलं नसतं तर?"

"तरी बंदच राहिली असती, बेटा."

तिनं ते ऐकून घेतलं. मग ती उंबऱ्यातून पुढं आली आणि चाचासमोर बसली.

"काही पन लिही, स्टॉप असलं की बास, असं तुला सांगनारा मी," इरफान म्हणाला. "तू बरोबर लिव्हलंस. मी अर्धंच वाचायला शिकवलं त्याला."

"अर्धं ऱ्हायलं, हे त्याला कळलं न्हाई?"

"न्हाई. ते इचारायचं मी ठेवलंच नव्हतं."

इरफान आता तीच शेती करतो. कॉम्प्युटरला हात लावत नाही. पाण्यात उतरायच्या आधी फ्यूज काढून खिशात घालतो, हे मला शेजारच्यांकडून कळलं. भाभी त्याला दोन्ही वेळा जेवायला वाढतात, त्याचे कपडे धुतात, पण बोलत नाहीत. रागावून नाही, असं आफरीन म्हणते. तोंड उघडलं की काय निघेल याचं त्यांना भय वाटतं. एका छपराखाली त्यांचे हे हिवाळे चालले आहेत.

आणि मी इथं पोरांना शिकवते. मागच्या आठवड्यात एका मुलानं उत्तर लिहिलं, मोजून घेणारी आज्ञा, नीटनेटकी. मी विचारलं, "जागेपेक्षा नाव मोठं निघालं तर?" तो म्हणाला, "कापलं जाईल ना, मॅडम. प्रोग्रॅम बंद नाही पडणार." मी म्हटलं, "शेवटचं शून्य तू स्वतः ठेव. आणि कापलं गेलं तर ते नाव पुढं जाऊ देऊ नकोस. तिथंच थांब आणि पाठवणाऱ्याला सांग की सगळं मावलं नाही." माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या पोरांनी टायपिंग थांबवलं. त्यानं दोन ओळी वाढवल्या.

आफरीन आता नगरला बी.एस्सी. करते, हॉस्टेलवर असते. अधूनमधून मला मेसेज करते. एका वेळी एकच शब्द पाठवते. पहिला पोचल्याची खूण दिसली की मगच दुसरा. काल मी परीक्षेतून बाहेर पडले तेव्हा मोबाईल पर्समध्ये थरथरत होता. दीदी. मी. रविवारी. घरी. चाललेय. मी आवारातल्या कडुनिंबाखाली थांबले. उसाची एक ट्रॉली फाटकासमोरून गेली, धूळ खाली बसली. तुम्ही. पुढचा शब्द यायला वेळ लागला. येता. मग बराच वेळ काही नाही. ती पुढं लिहितेय की तिचं संपलं, हे मला कळेना, म्हणून मी फोनच लावला.

तिनं पहिल्या रिंगला उचलला. हॅलो नाही, काही नाही.

"सगळं आलं का, दीदी?"